सोनोडायनॅमिक थेरपी सुचवली तर काय काय विचारायचं

कुणी सांगितलं की एक औषध घ्यायचं, वरून अल्ट्रासाऊंड मारायचा आणि कॅन्सरची गाठ जाते, तर लगेच हो म्हणू नका आणि थोतांड म्हणून उडवूनही लावू नका. जपानमध्ये युमिता, उमेमुरा वगैरे संशोधकांनी 1989 मध्येच दाखवलं होतं की हिमॅटोपोर्फिरिन (पेशींना अल्ट्रासाऊंडसाठी संवेदनशील करणारं एक रसायन) असेल तर अल्ट्रासाऊंडने कॅन्सरच्या पेशी जास्त मरतात. पण अजून हे ट्रायलमध्येच आहे, रुटीन ट्रीटमेंट नाही.

पहिला प्रश्न, औषध कुठलं? नाव सांगायला टाळाटाळ झाली तर तिथूनच उठा. जास्त अभ्यास झालेलं औषध म्हणजे 5-एएलए, त्याचं पेशीत प्रोटोपोर्फिरिन बनतं आणि गाठीत ते जास्त साठतं, मग अल्ट्रासाऊंड पडला की ऑक्सिजनपासून असे रेणू तयार होतात जे पेशीला आतून मारतात. म्हणून औषध दिल्यावर काही तास थांबावं लागतं, घेतलं आणि लगेच मशीन लावलं असं चालत नाही. आणि गाठीच्या मधोमध ऑक्सिजन कमी असतो, तिथे हे कमी पडतं, हे सहसा कुणी आपणहून सांगत नाही.

दुसरा प्रश्न, गाठ कुठे आहे? अशीच एक थेरपी प्रकाश वापरून करतात (फोटोडायनॅमिक), पण प्रकाश शरीरात जेमतेम सेंटीमीटरभर पोचतो, अल्ट्रासाऊंड बराच खोल जातो, हाच तर याचा फायदा. पण हवेतून तो जात नाही त्यामुळे फुफ्फुसात अवघड, आणि कवटी त्याला अडवते. म्हणून मेंदूच्या काही ट्रायलमध्ये डोकं पूर्ण भादरून वर हेल्मेटसारखं मशीन बसवतात, मध्ये गार पाणी फिरतं आणि एमआरआयवर बघत नेम धरतात. सोनोग्राफीचा साधा प्रोब फिरवून हे होणार नाही. हायफू (एका जागी एकवटलेला तीव्र अल्ट्रासाऊंड) पण वेगळं, त्यात गाठ उष्णतेने जाळतात, इथे तापवायचं नसतं.

ट्रायल आहे म्हणाले तर रजिस्ट्रेशन नंबर मागा आणि क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्हवर स्वतः टाकून बघा, फेज कुठली तेही तिथेच कळतं (फेज वन म्हणजे मुख्यतः डोस आणि सेफ्टी बघणं, बरं करण्याची गॅरंटी नाही!). चालू केमो किंवा रेडिएशन आपल्या ऑन्कॉलॉजिस्टला न विचारता बंद करायचं नाही.

घरात कुणाला पोर्फिरिया (शरीरात पोर्फिरिन किंवा ते बनण्याआधीची द्रव्यं साठण्याचा आजार, बहुतेकदा आनुवंशिक) असेल तर आधीच सांगा. आणि 5-एएलए घेतल्यावर एक-दोन दिवस ऊन, प्रखर लाइट टाळायचे, पूर्ण बाह्यांचे कपडे घालायचे. सनस्क्रीनवर विसंबू नका, त्रास दिसणाऱ्या प्रकाशाने होतो आणि तो साध्या सनस्क्रीनने अडत नाही.