आपटा ओळखायचा तर गड्डा यात्रेनंतर

दसऱ्याच्या आदल्या दिवशी बाजारात ‘आपटा’ म्हणून जे भारे येतात, त्यांत कांचनाच्या फांद्याही सर्रास असतात. पान दोन्हींचं मधोमध चिरलेलं, म्हणून कुणी निरखत नाही. मी शाळेतल्या पोरांना सांगते, आपटा दसऱ्याला शोधू नका, सोलापूरची जानेवारीतली गड्डा यात्रा उरकली की शोधा.

फेब्रुवारी-मार्चात पानगळ होते नि झाड उघडं पडतं. ठेंगणं, वेडंवाकडं खोड, काळपट खरबरीत साल, खाली लवलेल्या फांद्या. त्यांना लोंबणाऱ्या शेंगा ही माझ्या मते सगळ्यांत पक्की खूण. वीतभर लांब, चपट्या, कोयत्यासारख्या बाकदार, पिकल्यावर काळ्या. महिनोन्‌महिने त्या तशाच लटकतात. कांचनाची शेंग मात्र वाळली की तडकते, टरफलं पिळवटतात. झाडाखाली अशी पिळलेली टरफलं पडलेली दिसली, तर तो आपटा नव्हे.

पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा कोवळ्या पालवीबरोबर फुलं येतात. फिकट पिवळसर, अगदी लहान, अरुंद पाकळ्यांची, लांब तुऱ्यात. रस्त्यावरून दिसायचीच नाहीत, झाडापाशी जाऊन फांदी जवळून बघावी लागते. कांचनाचं फूल मोठं, गुलाबी-जांभळं किंवा पांढरं. त्यातला एक कांचन तर दसरा-दिवाळीच्या सुमारासच फुलतो. भाऱ्यात जांभळं फूल दिसलं की प्रश्न मिटला.

पावसाळ्यात पान बघा, पण आधी चिमटीत धरा. माझी आई विड्या वळायची. पान डोळ्यांआधी बोटांनी पारखायचं, हे मी तिच्याकडून शिकले. विडीला मुख्यतः तेंदूचं पान, पण काही भागांत आपट्याचंही वापरतात, कारण ते जाड नि चिवट असतं. आपट्याचं पान मागून करडं, लवदार, लांबीपेक्षा रुंदीला जास्त, साधारण दोन इंचांचं. जांभळ्या कांचनाचं त्याच्या दुप्पट सहज भरतं. पिवळ्या कांचनाचं पान मात्र आपट्याएवढंच असतं. तिथे फूल बघा: घंटेसारखं, पिवळंधमक. शिवाय ते झुडूप असतं.

खूण पटली की उन्हाळ्यात दोन-चार पिकल्या शेंगा उतरवून घ्या. बिया रात्रभर पाण्यात भिजवून पिशवीत पेरा, रोप जोमदार झालं की पावसाळ्यात बांधावर लावा. आणि दसऱ्याला फांदी मोडू नका. चार पानं खुडलीत तरी घरापुरतं सोनं होतं.