इटालियन क्रियापद चालवायचं कसं? आधी इंग्रजी बाजूला ठेवा

इटालियन क्रियापदाचा पूर्ण तक्ता पहिल्यांदा समोर आला की बहुतेकांचा धीर सुटतो. स्वार्थ, आज्ञार्थ, संकेतार्थ, शिवाय इच्छा-शंका दाखवणारा, मराठीत सरळ जोड नसलेला कोंजुन्तीवो, आणि वर तीन प्रकारची धातुसाधितं. सगळे मिळून 21 खाने. त्यातल्या बहुतेक खान्यांत पुन्हा सहा-सहा रूपं. मग कुणीतरी सांगतं, रोज एक क्रियापद घ्या आणि सगळ्या काळांत लिहून काढा. हा सल्ला मानू नका. मी तो दोन वर्षं इमानाने पाळला. वह्या भरल्या, पण दुकानात साधं 'मी काल आले होते' म्हणायची वेळ आली की अडायचे.

तक्त्याकडे एकदा नीट बघा. त्या 21 पैकी नऊ खाने जोडकाळांचे आहेत, म्हणजे एक साहाय्यक क्रियापद आणि पुढे भूतकाळी धातुसाधित. साहाय्यक नेमकं कुठलं हे अचूक कळलं की नऊ खाने एका दमात सुटतात. आणि हीच गोष्ट मराठी माणसाला इंग्रजीतून शिकवली जाते, तिथेच सगळं बिघडतं.

साधे काळ

वर्तमानकाळ सरळ आहे. मूळ रूपाच्या शेवटी -आरे, -एरे किंवा -ईरे असतं, ते काढून प्रत्यय लावायचे. पार्लारे म्हणजे बोलणे: पार्लो, पार्ली, पार्ला, पार्ल्यामो, पार्लाते, पार्लानो. शेवटच्या रूपात जोर 'पार'वर येतो, 'ला'वर नाही. फिनीरेसारख्या क्रियापदांत 'आम्ही' आणि 'तुम्ही' सोडून बाकी चार रूपांच्या मधे -इस्क- घुसतो: फिनीस्को, पण फिन्यामो. एस्सेरे (असणे) आणि आवेरे (जवळ असणे) ही दोन मात्र घोकाच. सोनो, सेय, ए, स्यामो, स्येते, सोनो. ओ, आय, आ, आब्ब्यामो, आवेते, आन्नो.

इम्पेर्फेत्तो म्हणजे आपलं 'जायचो, जायचे'. आन्दारे म्हणजे जाणे, आन्दावो म्हणजे मी जायचे. अपवाद बोटांवर मोजण्याइतके.

भविष्यकाळ आणि संकेतार्थ एकाच वेळी शिका, दोघांचं मूळ एकच असतं: आन्द्रो म्हणजे जाईन, आन्द्रेय म्हणजे जाईनही, जमलं तर. 'आम्ही'च्या रूपाकडे लक्ष द्या. आन्द्रेमो म्हणजे आम्ही जाऊ, आन्द्रेम्मो म्हणजे आम्ही जाऊही, जमलं तर. फरक एका द्वित्त 'म'चा. आपल्याला 'पता' आणि 'पत्ता' वेगळे ऐकू येतात, तेव्हा हा फरक ऐकू यायला अडचण नाही, तो तोंडातून स्पष्ट काढायचा एवढंच. म्हणून माझी सगळी टिपणं मी देवनागरीत ठेवते. इटालियन त आणि द आपल्यासारखेच दंत्य आहेत, रोमन लिपी वाचताना उगाच ट आणि ड होतात.

एस्सेरे की आवेरे

आता खरी अडचण. 'मी खाल्लं' म्हणजे ओ मान्जातो, इथे साहाय्यक आवेरे. 'मी गेले' म्हणजे सोनो आन्दाता, इथे साहाय्यक एस्सेरे. इंग्रजीत दोन्हीकडे एकच साहाय्यक असतो, म्हणून इंग्रजी पुस्तकातून शिकलेला माणूस 'ओ आन्दातो' म्हणतो. मी महिनोन्‌महिने म्हणत होते. घरमालकीण प्रत्येक वेळी शांतपणे 'सोनो आन्दाता' म्हणायची आणि मी मान हलवून दुसऱ्या दिवशी तेच चुकीचं म्हणायचे.

एका संध्याकाळी भावाशी फोनवर बोलताना लक्षात आलं की हा भेद मी जन्मापासून करते आहे. 'त्याने आंबा खाल्ला', पण 'तो गेला'. एकीकडे 'ने' लागतो, दुसरीकडे नाही. जिथे 'ने' लागतो तिथे इटालियनमध्ये बहुतेक आवेरे. जिथे कर्ता बिनप्रत्ययाचा राहतो आणि क्रियापद त्याच्या लिंगवचनाप्रमाणे बदलतं, तिथे बहुतेक एस्सेरे, आणि इटालियन धातुसाधितही कर्त्याप्रमाणेच बदलतं: तो आन्दातो, ती आन्दाता, ते आन्दाती, त्या आन्दाते. मी आणि तू यांना 'ने' दिसत नाही, म्हणून पडताळा नेहमी तो-ती घालून घ्या.

आणखी जुळणी बघा. 'सिनेमा सुरू झाला' म्हणजे इल फिल्म ए कोमिन्चातो, इथे एस्सेरे. 'मी काम सुरू केलं' म्हणजे ओ कोमिन्चातो इल लावोरो, इथे आवेरे. क्रियापद तेच, पण आपण झाला आणि केलं असा भेद करतो, ते साहाय्यक बदलतात. सुट्टी संपली: ला वाकान्त्सा ए फिनीता. काम संपवलं: ओ फिनीतो इल लावोरो. आणि 'मला कविता आवडली' हे तर शब्दशः मी ए प्याचूता ला पोएझीया. मला, आवडली, कविता. इंग्रजीतून येणाऱ्याला ही रचना उलटी वाटते, आपल्याला ती घरची आहे.

पण 'बहुतेक' हा शब्द मी मुद्दाम वापरला. ही कसोटी एका गटात दगा देते. ती झोपली, हसली, रडली, नाचली, पोहली, चालली, बोलली, विसरली. मराठीत कुठेच 'ने' नाही, इटालियनमध्ये मात्र सगळीकडे आवेरे: आ दोर्मीतो, आ रीसो, आ प्यान्तो, आ बाल्लातो. ही आठ क्रियापदं कागदावर लिहून आरशाला चिकटवा. उलट बाजूने 'तिने लग्न केलं' यात 'ने' आहे, पण इटालियनमध्ये सी ए स्पोझाता, कारण ते क्रियापद आत्मवाचक आहे. आत्मवाचक असेल तर एस्सेरेच, कसलाही विचार करू नका. मी उठले: मी सोनो आल्त्साता.

इथे पुस्तकं सांगतात की गतिवाचक क्रियापदांना एस्सेरे लावा. हा नियम चुकीचा आहे आणि मी तो शिकवत नाही. चालणं, पोहणं, प्रवास करणं या गतीच आहेत ना? तिन्हींना आवेरे लागतो. बघायचं ते हे: कर्ता एका जागेवरून दुसऱ्या जागी किंवा एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत पोहोचला का? गेला, आला, निघाला, पडला, जन्मला, मेला, झाला. यांना एस्सेरे. नुसतीच क्रिया करत राहिला, तर आवेरे. धावण्याचं उदाहरण घ्या. तासभर धावले: ओ कोर्सो पेर ऊन्ओरा. धावत घरी गेले: सोनो कोर्सा आ कासा. एस्सेरेच्या गटात असणं आणि एखाद्या जागी थांबून राहणंही (रिमानेरे) आहे, तिथे काही बदलत नसलं तरी एस्सेरेच. ती दोन तशीच लक्षात ठेवा.

बायकांसाठी एक इशारा, कारण माझी सगळ्यात जुनी चूक हीच. तक्त्यात नेहमी पुल्लिंगी रूप छापलेलं असतं: सोनो आन्दातो. ते पाठ केलं की तोंडात तेच बसतं. मराठीत जी मुलगी चुकूनही 'मी गेलो' म्हणत नाही, ती इटालियनमध्ये वर्षभर स्वतःला पुल्लिंगी करून बोलते. पहिल्या दिवसापासून तक्त्यावर स्वतःच्या हाताने शेवटचा ओ खोडून आ लिहा.

आणि एक मराठी सवय मोडावी लागते. 'मी सफरचंद खाल्लं, भाकरी खाल्ली' असं आपलं क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं. इटालियनमध्ये आवेरेबरोबर कर्म मागून आलं तर ते बदलत नाही: ओ मान्जातो ला मेला. पण कर्म ला, लो, ली, ले अशा सर्वनामाने आधीच येऊन गेलं तर बदलतं: 'मेला? लो मान्जाता.' म्हणजे 'सफरचंद ना? ते मी खाल्लं.' (इथला लो म्हणजे ला आणि ओ यांचा जोड.) तेवढ्यापुरतं इटालियन आपल्यासारखं वागतं.

आता नऊ खाने

साहाय्यक बसला की पुढचं काम फक्त त्या साहाय्यकाचा काळ बदलण्याचं. शेजारी मराठी ठेवा:

मी गेले आहे: सोनो आन्दाता.
मी गेले होते: एरो आन्दाता.
मी गेले असेन: सारो आन्दाता.
मी गेले असते: सारेय आन्दाता.

आपण 'गेले' तसंच ठेवून 'असणे' फिरवतो, ते 'आन्दाता' तसंच ठेवून एस्सेरे फिरवतात. 'तो पोहोचला असेल' हा आपला अंदाजाचा भविष्यकाळही त्यांच्याकडे जसाच्या तसा आहे: सारा आर्रिवातो. 'वेळ मिळाला असता तर आले असते' याला से आवेस्सी आवूतो तेम्पो, सारेय वेनूता. इथे 'से' (जर) नंतर संकेतार्थ लावू नका, कोंजुन्तीवोच लावा. मराठीत दोन्ही बाजूंना 'असता, असते' येतं, म्हणून मराठी माणूस इथे हमखास घसरतो.

भूतकाळी धातुसाधितांपैकी अनियमित असतात ती वर्णानुक्रमाने पाठ करू नका, कानाने गट पाडा. फात्तो, देत्तो, लेत्तो, स्क्रित्तो, रोत्तो, कोत्तो एकत्र. प्रेसो, क्यूसो, शेसो एकत्र. विस्तो, क्येस्तो, रिमास्तो एकत्र. आपेर्तो, मोर्तो एकत्र. दोन-तीन दिवसांत बसतात.

कोंजुन्तीवो

वर्तमानाचा कोंजुन्तीवो म्हणजे स्वरांची अदलाबदल: -आरे गटाला ई, बाकी दोघांना आ. के पार्ली, के क्रेदा, के दोर्मा. तो कधी लावायचा यासाठी सहा-सात सुरुवाती पुरतात: मला वाटतं, मला आशा आहे, मला भीती वाटते, गरज आहे, जरी, (अमुक व्हावं) म्हणून, शक्य आहे. स्पेरो के तू वेन्गा, तू येशील अशी आशा आहे. या वाक्यांत रोजच्या बोलण्यात इटालियन माणसंही साधा स्वार्थ वापरताना ऐकाल. परीक्षेत आणि पत्रात तसं करू नका.

पास्सातो रेमोतो

हा साधा भूतकाळ सगळ्यात शेवटी घ्या. उत्तर इटलीत बोलताना तो जवळजवळ ऐकू येत नाही, तिथे आन्दातो-मान्जातोवर काम भागतं. तोस्काना आणि दक्षिणेत तो बोलण्यात आहे, आणि कथा-कादंबऱ्या त्याच्याशिवाय वाचता येत नाहीत. आधी तो फक्त ओळखायला शिका. बहुतेक अनियमित क्रियापदांत सहापैकी मी, तो आणि ते ही तीनच रूपं बिघडतात: प्रेसी, प्रेसे, प्रेसेरो. उरलेली तीन नियमितच राहतात: प्रेन्देस्ती, प्रेन्देम्मो, प्रेन्देस्ते. म्हणजे 'मी'चं एक रूप पाठ असलं की 'तो' आणि 'ते' त्याच्यावरून काढता येतात.