‘मला मिळाले’ ते ‘आय गॉट’: इंग्रजीतले ‘गेट’ कसे वापरावे

‘मला त्याचा फोन आला’ हे साधे वाक्य इंग्रजीत सांगायची वेळ आली, की मराठी माध्यमात शिकलेल्या अनेकांच्या तोंडून ‘हिज फोन केम’ असे काहीतरी निघून जाते. शब्द ओळखीचे असतात, व्याकरणही फारसे चुकलेले नसते, तरीही ऐकणारा इंग्रज क्षणभर थांबतो, कारण त्याच्या भाषेत फोन चालत येत नाही. त्याच्या भाषेत ‘आय गॉट अ कॉल फ्रॉम हिम’ असे म्हणतात. ‘मला नोकरी लागली’, ‘मला सर्दी झाली’, ‘मला झोप येऊ लागली’, ‘मला बक्षीस मिळाले’ या चारही वाक्यांत मराठीने चार वेगळी क्रियापदे वापरली आहेत आणि बोलत्या इंग्रजीत त्या चारही ठिकाणी एकच क्रियापद चालते, ते म्हणजे ‘गेट’. हे क्रियापद शाळेत आपल्याला ‘गेट म्हणजे मिळणे’ एवढ्या एका ओळीत शिकवले जाते आणि पुढची अनेक वर्षे ती ओळ आपल्याला अडवत राहते. मी स्वतः ती ओळ वहीत लिहून पाठ केली होती, आणि तिच्यापलीकडे काय आहे हे समजायला मला बराच काळ लागला; म्हणून हे टिपण थोडे सविस्तर लिहीत आहे.

पहिली गोष्ट वाक्याच्या रचनेची आहे, आणि माझ्या मते हीच सर्वांत महत्त्वाची आहे. मराठीत जी गोष्ट माणसाच्या वाट्याला येते तिचा कर्ता तो माणूस नसतो. भूक लागते, राग येतो, पत्र मिळते, ताप चढतो, आणि माणूस ‘मला’, ‘तिला’, ‘त्यांना’ असा ‘ला’ किंवा ‘ना’ लावून बाजूला उभा राहतो. इंग्रजी त्याच माणसाला उचलून कर्त्याच्या जागी बसवते आणि मधे ‘गेट’ ठेवते. तेव्हा मनात आलेल्या मराठी वाक्यात ‘मला’ असेल आणि काहीतरी नव्याने घडले असेल, तर त्या ‘मला’चा ‘आय’ करून पुढे ‘गेट’ बसते का, हे आधी तपासून पाहावे. बहुतेक वेळा ते बसते. ‘मला उशिरा पगार मिळाला’ याचे ‘आय गॉट पेड लेट’ होते आणि ‘तिला राग आला’ याचे ‘शी गॉट अँग्री’ होते.

‘नव्याने घडले असेल’ ही अट मात्र विसरू नये, कारण ‘गेट’चा सगळा जीव तिच्यात आहे. आधी नव्हते आणि आता आहे, आधी तिथे होतो आणि आता इथे आहे, असा एखादा उंबरठा ओलांडला गेला असेल तरच ‘गेट’ येते. नुसती स्थिती सांगायची असेल तर ‘बी’ची रूपे येतात. ‘शी इज मॅरीड’ म्हणजे ती विवाहित आहे, आणि ‘शी गॉट मॅरीड’ म्हणजे तिचे लग्न झाले. ‘इट इज डार्क’ म्हणजे अंधार आहे, आणि ‘इट इज गेटिंग डार्क’ म्हणजे अंधार पडू लागला आहे. ‘आय वोक अप ॲट फाइव्ह’ म्हणजे पाचला जाग आली, तर ‘आय गॉट अप ॲट सिक्स’ म्हणजे सहाला अंथरूण सोडले. मधला एक तास लोळण्यात गेला, हे त्या दोन क्रियापदांतूनच कळते. मराठीत हा उंबरठा आपण पडणे, लागणे, येणे, होणे, चढणे, वाजणे अशा निरनिराळ्या क्रियापदांनी दाखवतो, आणि कोणत्या नामाला कोणते क्रियापद जोडायचे हे आपल्याला आईच्या दुधाबरोबर मिळालेले असते. थंडी वाजते आणि भूक लागते, याचे कारण कोणी विचारत नाही. इंग्रजीने ती सगळी विविधता एका शब्दात गोळा केली आहे, म्हणून खरे तर मराठी माणसाला ‘गेट’ सोपे जायला हवे.

हा शब्द मुळात इंग्रजांच्या घरचा नाही. नवव्या शतकात डेन्मार्क आणि नॉर्वेकडून आलेल्या लोकांनी इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागांत वस्ती केली. त्याआधी, 793 साली, लिंडिसफार्नच्या मठावर त्यांनी घातलेला छापा इतिहासात नोंदलेला आहे, आणि 865 साली त्यांची मोठी फौज इंग्लंडात उतरली. पण लूट थांबल्यानंतर ते तिथेच शेती करू लागले, लग्ने झाली, आणि दोन्ही भाषा एकाच अंगणात बोलल्या जाऊ लागल्या. त्या सहवासातून इंग्रजीला ‘टेक’, ‘कॉल’, ‘वाँट’, ‘स्काय’, ‘विंडो’, ‘हजबंड’, इतकेच काय पण ‘दे’ आणि ‘देम’ ही सर्वनामेसुद्धा मिळाली. ‘गेट’ही त्यांच्यापैकीच एक आहे. त्यांच्या जुन्या भाषेत ‘गेता’ म्हणजे मिळवणे आणि गाठणे. त्याच क्रियापदाला अंदाज करणे असाही अर्थ होता, आणि ‘गेस’ हा शब्द त्याच कुळातला आहे. इंग्रजी लिखाणात स्वतंत्र क्रियापद म्हणून ‘गेट’ साधारण 1200 च्या सुमारास दिसू लागते.

इंग्रजीत या शब्दाचा सख्खा भाऊ आधीपासून होता, पण तो एकटा कधी वावरत नसे, उपसर्गाचा हात धरूनच यायचा. ‘फॉरगेट’ आणि ‘बिगेट’ ही त्याची आजवर टिकलेली रूपे आहेत. ‘फॉरगेट’मधला उपसर्ग सुटण्याचा, दूर जाण्याचा अर्थ देतो, म्हणजे विसरणे हे इंग्रजीत मुळात ‘हातातून निसटणे’ आहे. आपणही ‘ध्यानातून सुटले’ असेच म्हणतो. ‘बिगेट’ म्हणजे अपत्य प्राप्त करणे. या शब्दांतला ‘ग’ जुन्या इंग्रजीत ‘य’सारखा उच्चारला जाई, जसा तो आजही ‘यील्ड’ आणि ‘यस्टरडे’ यांत ऐकू येतो. उत्तरेकडच्यांनी आपला कणखर ‘ग’ आणला नसता, तर आज आपण ‘येट’ म्हणायला शिकत असतो.

या ‘ग’ आणि ‘य’च्या ओढाताणीचा एक प्रसंग इंग्लंडचा पहिला मुद्रक विल्यम कॅक्स्टन याने 1490 साली एका ग्रंथाच्या प्रस्तावनेत लिहून ठेवला आहे. वारा पडल्यामुळे थेम्स नदीच्या मुखाशी काही व्यापाऱ्यांचे जहाज अडकले. खाण्याचे काही मिळवावे म्हणून ते किनाऱ्यावर गेले आणि त्यांच्यातल्या एकाने एका घरच्या बाईकडे ‘एग्ज’ मागितली. ती म्हणाली, मला फ्रेंच येत नाही. तो चिडला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हते. मग दुसऱ्याने ‘आयरेन’ हवी असल्याचे सांगितले, तेव्हा कुठे तिच्या लक्षात आले की यांना अंडी हवी आहेत. ‘एग’ हा उत्तरेकडून आलेला शब्द होता आणि ‘आयरेन’ हे मूळ इंग्रजी अनेकवचन. एकाच देशातली दोन माणसे अंड्यावरून अडखळत होती, इतकी ती सरमिसळ ताजी होती.

त्याहून मागे गेले, तर पकडणे, हाती धरणे या अर्थाच्या एका प्राचीन धातूपर्यंत हा शब्द पोहोचतो. लॅटिनमधले ‘प्रेहेंदेरे’ त्याच धातूपासूनचे, आणि त्यापासून ‘कॉम्प्रिहेंड’, ‘ॲप्रिहेंड’ आणि ‘प्रिझन’ आले. पकडण्यापासून समजण्यापर्यंतचा हा प्रवास आपल्या भाषेलाही नवा नाही. ‘ग्रहण’ म्हणजे धरणे, आणि ज्याला चटकन समजते त्याची ‘ग्रहणशक्ती’ चांगली असते. ‘त्याने नेमका मुद्दा पकडला’ असे आपण सहज बोलतो. तेव्हा ‘आय गेट इट’ म्हणजे ‘मला समजले’ हे पाठ करण्याची गरज नाही, मुद्दा हातात आला एवढेच त्यात आहे. आपल्याकडे वर्गात शिक्षक ‘आर यू गेटिंग इट?’ असे विचारतात. समजणे या अर्थी ‘गेट’चे चालू काळातले रूप इंग्लंडमध्ये सहसा वापरत नाहीत, तिथे ‘डू यू गेट इट?’ असा प्रश्न येतो.

आता वापरातल्या त्या जागा पाहू, जिथे मराठी बोलणारा हमखास अडखळतो. न्हाव्याकडे जाऊन आल्यावर आपण ‘मी केस कापले’ म्हणतो आणि कात्री दुसऱ्याच्या हातात होती हे ऐकणारा समजून घेतो. इंग्रजी ते समजून घेत नाही. ‘आय कट माय हेअर’ म्हटले तर स्वतः आरशासमोर कात्री चालवली असाच अर्थ होतो, म्हणून तिथे ‘आय गॉट माय हेअर कट’ हवे. मराठीत यासाठी ‘घेणे’ आहे: कापून घेतले, शिवून घेतले, तपासून घेतले. मनातले वाक्य एकदा या ‘घेणे’मध्ये घोळवून पाहिले, की ‘गेट’ची जागा आपोआप दिसते. वस्तू ‘गेट’नंतर लगेच आणि क्रियापदाचे तिसरे रूप तिच्यामागे, एवढा क्रम सांभाळावा. एखाद्या माणसाकडून काम करून घेतले असेल, तर ‘आय गॉट हिम टू साइन’ असे ‘टू’सह म्हणावे, ‘मेक’ आणि ‘हॅव’ यांच्यानंतर हा ‘टू’ येत नाही. ‘गेट’मध्ये थोडी मनधरणी, थोडा पाठपुरावा असतो. ‘अखेर त्याची सही मिळवली’ या वाक्यातला ‘अखेर’ त्या ‘गॉट’मध्ये बसलेला आहे.

‘पाहायला मिळाले’, ‘भेटायला मिळाले’ ही आपली रचना तर इंग्रजीशी तंतोतंत जुळते: ‘आय गॉट टू सी’, ‘आय गॉट टू मीट’. इथे एक सावधगिरी बाळगावी. ‘आय गॉट टू गो’ म्हणजे मला जायला मिळाले, आणि ‘आय हॅव गॉट टू गो’ म्हणजे मला जायलाच हवे. घाईच्या बोलण्यात मधला ‘हॅव’ गिळला जातो, मग संदर्भावरून ओळखावे लागते. ‘टू’ नसलेले ‘हॅव गॉट’ तर निव्वळ ‘असणे’ दाखवते. ‘आय हॅव गॉट टू ब्रदर्स’ यातला ‘टू’ हा दोनचा आकडा आहे आणि वाक्याचा अर्थ मला दोन भाऊ आहेत.

अमेरिकेत राहणाऱ्या नातेवाइकांशी बोलताना ‘गॉटन’ कानावर पडते आणि ते चुकीचे असावे असे वाटते. ते जुने रूप आहे. 1611 सालच्या इंग्रजी बायबलात हव्वा पहिल्या मुलाच्या जन्मानंतर ‘आय हॅव गॉटन अ मॅन’ असे म्हणते. इंग्लंडने पुढे ‘गॉट’ ठेवले, अमेरिकेने ‘गॉटन’ टिकवले आणि त्याला वेगळे काम दिले: ‘आय हॅव गॉट अ कार’ म्हणजे गाडी आहे, ‘आय हॅव गॉटन अ कार’ म्हणजे गाडी घेतली. आपण ज्या पद्धतीचे इंग्रजी लिहितो तीच शेवटपर्यंत ठेवावी, एवढे पुरे.

वाहनांच्या बाबतीत आपल्याकडे चढणे आणि उतरणे या दोन शब्दांवर सगळे भागते. इंग्रजीत ज्या वाहनात उभे राहून चालता येते, म्हणजे बस, लोकल, विमान, त्यासाठी ‘गेट ऑन’ आणि ‘गेट ऑफ’. जिथे वाकून आत बसावे लागते, म्हणजे मोटार, टॅक्सी, रिक्षा, त्यासाठी ‘गेट इन’ आणि ‘गेट आउट’. ‘आय विल गेट डाउन ॲट दादर’ हे मुंबईत सर्रास चालते आणि सर्वांना कळते, पण इंग्लंडमध्ये त्या जागी ‘गेट ऑफ’ म्हणतील. घर, इथे आणि तिथे या तिघांपूर्वी ‘टू’ लावू नये: ‘आय गॉट होम’, पण ‘आय गॉट टू द स्टेशन’.

‘गेट’ला अशी अव्यये जोडून झालेले अर्थ यादी करून पाठ होत नाहीत, प्रत्येकाला मराठीतला जिवंत जोडीदार शोधावा. ‘दे गेट अलाँग’ म्हणजे त्यांचे पटते. ‘वी गेट बाय’ म्हणजे आमचे भागते. ‘ही गॉट ओव्हर इट’ म्हणजे तो त्यातून सावरला. ‘ही गॉट अवे विथ इट’ याला ‘त्याला ते पचले’ यापेक्षा नेमके मराठी मला अजून सापडलेले नाही, आणि ‘आय फायनली गॉट राउंड टू इट’ म्हणजे त्या कामाला अखेर मुहूर्त लागला. ‘ही गॉट कॉट’ म्हणजे तो सापडला, ‘आय गॉट स्कोल्डेड’ म्हणजे मी बोलणी खाल्ली; नकोसे काही वाट्याला आले, की ‘वॉज’पेक्षा ‘गॉट’ अधिक बोलके असते. मात्र गेटवे ऑफ इंडिया 1924 साली बांधून पूर्ण झाले, हे सांगताना ‘वॉज कम्प्लीटेड’ हेच शोभते, तिथे ‘गॉट’ लावू नये.

‘आय ॲम गेटिंग लेट’ हा आपल्याकडचा आणखी एक खास प्रयोग. उशीर होतो तो वेळेला, म्हणून ‘इट इज गेटिंग लेट’ म्हणावे. स्वतःबद्दल सांगायचे तर ‘आय ॲम रनिंग लेट’ असे म्हणतात.

सरावासाठी रोज रात्री दिवसभरातली पाच वाक्ये मराठीत लिहावीत, ज्यांत ‘मला’ किंवा ‘करून घेतले’ आहे, आणि शेजारी त्यांचे ‘गेट’चे रूप लिहावे, दोन-तीन आठवड्यांत ‘मला’ मनात उमटण्याआधीच ‘आय गॉट’ जिभेवर येऊ लागते. याच वहीत तिसरा एक रकाना औपचारिक पत्रासाठी आखून घ्यावा. अर्जात, अहवालात, कार्यालयीन पत्रात ‘गेट’ थोडे सैल वाटते, आणि तिथे मराठीसारखेच इंग्रजीही प्रत्येक प्रसंगाला स्वतंत्र शब्द मागते: पत्र मिळाले तर ‘रिसीव्ह्ड’, परवानगी मिळवली तर ‘ऑब्टेंड’, पोहोचलो तर ‘अराइव्ह्ड’, आणि परिस्थिती अवघड झाली तर ‘बिकेम’.