जुन्या किचन मशीनच्या मोटरची बेअरिंग बदलताना

मोठ्या किचनमधलं जुनं मशीन एकदम बंद पडत नाही. पीठ मळायचं यंत्र असो, मोठा मिक्सर असो की धूर ओढणारा ब्लोअर, बेअरिंग जायला लागली की आधी बारीक गुणगुण सुरू होते, मग घरघर, मग मोटरचं एक टोक दुसऱ्यापेक्षा जास्त तापायला लागतं. तेव्हाच लक्ष दिलं तर दोन बेअरिंगवर काम भागतं. दुर्लक्ष केलं तर रोटर (मोटरचा फिरणारा भाग) स्टेटरला (स्थिर भागाला) घासतो आणि वाइंडिंगही (तारांची गुंडाळी) जातं.

बदलण्याचं काम हाताला सवय असलेल्या माणसाला जमण्यासारखं आहे. खरी चूक होते ती बेअरिंग का गेली हे न शोधण्यात. मी स्वतः एका पीठ मळायच्या मशीनची पुलीकडची बेअरिंग वर्षात दोनदा बदलली. दोन्ही वेळा मागची बेअरिंग ठणठणीत होती, तरी मला शंका आली नाही. तिसऱ्यांदा मोटर उघडली तेव्हा पट्ट्यावर बोट ठेवलं, तर तो तारेसारखा ताणलेला. बॉल बेअरिंगवरचा भार दुप्पट झाला की तिचं हिशेबातलं आयुष्य आठव्या हिश्श्यावर येतं. मी बेअरिंग बदलत होतो आणि दर वेळी पट्टा तसाच ताणून बसवत होतो.

आधी खात्री करा

मशीन बंद करून प्लग काढा. थेट जोडणी असेल तर मेन स्विच बंद करून त्याला कुलूप लावा, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा. सिंगल फेज मोटरला कपॅसिटर (वीज साठवून ठेवणारा भाग) असतो आणि तो वीज काढल्यावरही झटका देतो. सुमारे 20 हजार ओहमचा, 5 वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड पकडीने त्याच्या दोन टोकांना मिनिटभर धरा आणि मग मीटरवर शून्य दिसतंय का ते बघा. स्क्रू ड्रायव्हरने ठिणगी पाडायची सवय अनेकांना असते. ती सोडा.

आता पट्टा उतरवून शाफ्ट (मोटरचा फिरता दांडा) हाताने फिरवा. चांगली बेअरिंग गुळगुळीत फिरते. खराब झालेलीत वाळू चुरडल्यासारखं बोटांना जाणवतं. शाफ्ट धरून वर-खाली हलवा. तसा खेळ हाताला अजिबात लागता कामा नये. आत-बाहेर मात्र थोडा सरकला तर घाबरू नका, आतली लाटदार वॉशर दबते म्हणून तसं होतं.

तरी शंका असेल तर पट्ट्याविना मोटर क्षणभर चालवा, हात आणि कपडे लांब ठेवून, आणि वीज तोडा. आवाज त्याच क्षणी थांबला तर दोष विजेच्या बाजूचा. मोटर फिरत फिरत थांबेपर्यंत घरघर चालू राहिली तर बेअरिंगच. आणि पट्टा काढल्यावर आवाजच गेला, तर मोटर उघडू नका, गिअर बॉक्सकडे वळा.

उघडताना

तारा सोडण्याआधी फोटो काढा. दोन्ही एंड कव्हर आणि मोटरची बॉडी यांवर पंचने खुणा करा, एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला दोन. कव्हर परत त्याच जागी बसायला हवं. पुली पुलरनेच (जबड्यांनी धरून ओढणाऱ्या अवजाराने) काढा, पुली शाफ्टवर अडकवणारी चावी (लोखंडी पाचर) जपून ठेवा. मग मागचा पंखा, लांब बोल्ट आणि कव्हर. कव्हर अडकलं तर लाकडी ठोकळा ठेवून चहूबाजूंनी हलके ठोके द्या, पटाशीने एकाच बाजूने उचकटू नका. रोटर सरळ ओढून काढा. वाइंडिंगला त्याचा ओरखडा लागला तर सगळी मेहनत वाया. सेंट्रिफ्यूगल स्विच (मोटरने वेग घेतला की सुरुवातीचं वाइंडिंग तोडणारा) असेल तर तो कसा बसला आहे ते नीट बघून ठेवा.

बेअरिंग काढताना पुलरच्या जबड्यांनी आतली रिंग धरा.

जुनी बेअरिंग वाचा

ती लगेच फेकू नका. कपड्यावर ठेवून सील उचकटा आणि उजेडात नीट बघा. लालसर गंज असेल तर पाणी शिरलं आहे. बहुतेक वेळा रात्री मशीन पाइपने धुतलेलं असतं. ग्रीसची घट्ट, पिठूळ लापशी झाली असेल तर पीठ आत गेलं आहे. रिंग निळसर-तपकिरी झाली असेल तर ती फार तापली आहे. बाहेरच्या रिंगची बाहेरची बाजू आरशासारखी चकचकीत असेल, तर बेअरिंग कव्हरमध्ये गरगर फिरत होती. धावेवर (बॉल फिरतात त्या खाचेवर) बॉलच्या अंतराने समान खळगे दिसले तर मागच्या वेळी कुणीतरी हातोड्याने ठोकून बसवली आहे. मोटर ड्राइव्हवर (वेग बदलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रावर) चालत असेल आणि धावेवर धुण्याच्या फळीसारख्या बारीक रेषा असतील, तर शाफ्टमधून करंट जातो आहे. तसं असेल तर अर्थिंगचं काम आधी करा.

नवी निवडताना

रिंगवरचा नंबर वाचा. 6204 म्हणजे आतला व्यास 20 मिमी, बाहेरचा 47, जाडी 14. शेवटचे दोन आकडे 04 किंवा त्याहून मोठे असतील तर त्यांना पाचने गुणलं की आतला व्यास मिळतो. 6203 ला मात्र हा हिशेब चालत नाही, तिचा व्यास 17 मिमी असतो. नंबर पुसला असेल तर व्हर्निअरने तिन्ही मापं घ्या.

नंबरपुढची अक्षरंही तितकीच महत्त्वाची. ‘झेडझेड’ म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याचं झाकण, ‘टूआरएस’ म्हणजे रबरी सील. पीठ आणि पाणी असलेल्या जागी मी डोळे मिटून टूआरएस घेतो. पण भट्टीजवळच्या मोटरला नाही, कारण नेहमीचं नायट्राइल रबर साधारण 100 अंश सेल्सिअसपर्यंतच टिकतं. तिथे झेडझेड आणि उष्णता सोसणारं ग्रीस. ‘सी3’ लिहिलेलं असेल तर तेच घ्या. मोटर तापल्यावर आतली रिंग फुगते, तिच्यासाठी ठेवलेली ती जागा आहे. एकच खराब असली तरी दोन्ही बदला.

फार जुन्या छोट्या मोटरमध्ये बॉल बेअरिंगऐवजी पितळी बुश असतो. तो झिजला तर लेथवाल्याकडे जा.

बसवताना

शाफ्टची जागा पुसून बघा. नवी बेअरिंग हाताने सहज सरकत असेल तर शाफ्ट झिजला आहे. पंचने टोचे मारून ती घट्ट करण्याचा उपाय टिकत नाही. झीज अगदी थोडी असेल तर रिटेनिंग कंपाउंड (बेअरिंग जागी पकडून ठेवणारा गोंद) चालतं, जास्त असेल तर शाफ्टवर धातूचा थर चढवून लेथवर माप काढून घ्या.

शाफ्टवर बसवताना जोर फक्त आतल्या रिंगवर, कव्हरमध्ये बसवताना फक्त बाहेरच्या. तेवढ्याच व्यासाचा पाइपचा तुकडा घ्या आणि शक्यतो प्रेसवर दाबा. घट्ट वाटली तर बेअरिंग तापवा. रबरी सीलवाली 80 अंशांपर्यंत, उघडी 110 पर्यंत. 20 मिमीचं भोक 60 अंशांनी तापलं की जेमतेम 14 मायक्रॉन मोठं होतं, पण तेवढ्यात ती अलगद घसरते. थेट ज्वाला कधीही नाही.

लाटदार वॉशर विसरू नका. बोल्ट समोरासमोर, थोडे थोडे आवळा आणि प्रत्येक फेरीला शाफ्ट फिरवून बघा. मोटर भांड्याच्या वर असेल आणि गिअर बॉक्सही उघडला असेल, तर तिथे अन्नाजवळ चालणारं एच1 दर्जाचं ग्रीसच भरा.

चालू करण्याआधी

500 व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन तपासायच्या मीटरवर) वाइंडिंग आणि बॉडीमध्ये किमान 1 मेगाओहम यायला हवा. पाणी शिरलेल्या मोटरला ही तपासणी टाळू नका. थ्री फेज असेल तर पट्टा चढवण्याआधी फिरण्याची दिशा बघा. अर्धा तास रिकामी चालवून क्लॅम्प मीटरने करंट घ्या. तो नेमप्लेटवरच्या आकड्याच्या खालीच राहायला हवा. नवी बेअरिंग सुरुवातीला थोडी तापते, ग्रीस पसरलं की निवते.

शेवटी पट्टा. दोन्ही पुली एका रेषेत आहेत का ते सरळ पट्टी लावून बघा. दोन पुलींमधल्या 50 सेंटिमीटर अंतराला मधोमध अंगठ्याने दाबल्यावर पट्टा साधारण 8 मिमी दबायला हवा. नवा पट्टा पहिल्या एक-दोन दिवसांत थोडा सैल पडतो. तेव्हा मोजून तेवढाच ताण परत द्या, त्याहून जास्त नको.