तळ्यांच्या मुलखात तीन दिवस : भंडारा-गोंदियाची भटकंती कशी आखावी

पूर्व विदर्भातील भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांना तलावांचे जिल्हे म्हणतात, आणि नकाशा उघडून पाहिला की हे नाव किती रास्त आहे ते लगेच कळते. मात्र येथे येणारे बरेचसे पर्यटक प्रसिद्ध ठिकाणांची यादी हातात घेऊन दिवसाला पाच तलाव गाठतात, प्रत्येक ठिकाणी अर्धा तास थांबतात आणि सगळी तळी सारखीच दिसली असे म्हणत परततात. दोष तळ्यांचा नसतो. या प्रदेशातील बहुतेक तलाव माणसांनी शेतीसाठी बांधलेले आणि आजही वापरात असलेले आहेत. त्यामुळे तेथे काय दिसेल हे पाण्याची पातळी, धानाचा हंगाम आणि दिवसाची वेळ या तीन गोष्टींवर ठरते. भेट त्यांच्याशी जुळवून घेतली तर दोन-तीन तलावही तीन दिवसांना पुरतात.

पूर्वतयारी म्हणून तलावाची रचना समजून घ्यावी. उताराच्या जमिनीवर वाहून येणारे पावसाचे पाणी मातीची पाळ घालून अडवायचे, जादा पाणी सांडव्यावरून सोडायचे आणि लागेल तेव्हा नहरांतून खालच्या बांध्यांना द्यायचे, अशी ही साधी व्यवस्था आहे. बांधी म्हणजे धुऱ्यांनी, अर्थात मातीच्या बांधांनी, वेढलेला धानाचा तुकडा, आणि बोडी म्हणजे लहान तळे. हे शब्द वाटाड्याच्या तोंडी सतत येतील. गोंड राजवटीत कोहळी समाजाने यातील अनेक तलाव बांधले असे परंपरा सांगते. पुढे ते मालगुजारांकडे, म्हणजे शेतसारा वसूल करणाऱ्या जमीनदारांकडे, होते आणि मालगुजारी संपल्यावर शासनाकडे आले. त्यामुळे त्यांना ‘माजी मालगुजारी तलाव’, म्हणजेच बोलीभाषेत ‘मामा तलाव’ म्हणतात. नवख्या माणसाला हे नाव कोणा मामाचे वाटते, आणि गावकरी ती समजूत फारशा घाईने दुरुस्त करत नाहीत.

हंगामाची निवड हा सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ पक्षी पाहण्यासाठी सर्वांत चांगला असतो. त्या सुमारास धानाची कापणी उरकत आलेली असते, तलावातील पाणी सिंचनासाठी वापरले गेल्याने काठाचा चिखल उघडा पडू लागतो आणि उत्तरेकडून आलेले स्थलांतरित पक्षी स्थिरावलेले असतात. पावसाळ्यात तळी भरलेली आणि बांध्या हिरव्यागार असतात, कमळेही फुललेली असतात, परंतु जंगलातील पर्यटन साधारणपणे जुलै ते सप्टेंबर या काळात बंद राहते आणि पाळीवरची माती निसरडी होते. एप्रिल-मे महिन्यांत ऊन अतिशय कडक असते व लहान बोड्या कोरड्या पडतात; ज्यांना वाघ, बिबट्या, गवे पाणवठ्यावर पाहायचे आहेत त्यांनीच या दिवसांत यावे, इतरांनी हा खटाटोप करू नये.

मुक्कामासाठी साकोली किंवा नवेगावबांध हे परिसर सोयीचे आहेत. साकोली हे नागपूर-रायपूर महामार्गावर, नागपूरपासून सुमारे शंभर किलोमीटरवर आहे आणि तेथून एका बाजूला नागझिरा अभयारण्य तर दुसऱ्या बाजूला नवेगावबांध जवळ पडते. रेल्वेने येणाऱ्यांनी हावडा-मुंबई मार्गावरील गोंदिया स्थानकावर उतरावे. सारस पक्षी पाहायचा असेल तर पहिली रात्र गोंदियातच काढणे शहाणपणाचे ठरते, कारण त्याचे तलाव गोंदिया तालुक्यात आहेत. गावांकडे जाणाऱ्या बसगाड्या मोजक्या असतात आणि पहाटे तर जवळजवळ नसतातच. म्हणून स्वतःचे किंवा भाड्याचे वाहन गृहीत धरावे. सपाट प्रदेश आणि तुलनेने शांत गावरस्ते यांमुळे हिवाळ्यात सायकलही उत्तम चालते, मात्र महामार्गावर ती नेण्याचे धाडस करू नये.

आता प्रत्यक्ष तलावावर कसे थांबावे ते पाहू. सूर्योदयापूर्वी निदान अर्धा तास आधी तेथे पोहोचावे आणि सूर्य पाठीशी राहील अशी जागा निवडावी. समोरून ऊन आले तर शेकडो बदके असूनही केवळ काळे ठिपके दिसतात. पाळीच्या बाजूला पाणी खोल असते, तर तिच्या समोरच्या, पाणी येण्याच्या बाजूला ते उथळ होत जाते, ही एक गोष्ट लक्षात ठेवली की शोधाशोध अर्धी कमी होते. पाण्यात बुडी मारून खाद्य मिळवणारे पक्षी, म्हणजे मोठी लालसरी, वारकरी, टिबुकल्या आणि पाणकावळे खोल बाजूला दिसतात. तलवार बदक आणि थापट्या यांच्यासारखी, पाण्याच्या वरच्या थरात चोच चालवणारी किंवा शेपूट वर करून डोके बुडवणारी बदके मध्यम खोलीवर असतात. आणि शेकाट्या, तुतवार, चिखल्या ही लांब किंवा चपळ पायांची मंडळी चिखलाच्या कडेने फिरतात. कमळाच्या व शिंगाड्याच्या पानांवरून चालणारा कमळपक्षी दिसला तर थोडा वेळ त्याच्याकडेच पाहावे. या पक्ष्यात अंडी उबवण्याचे आणि पिले सांभाळण्याचे काम नर करतो, आणि मादी एका हंगामात अनेक नरांशी जोडी जमवते.

पाळीवरून चालताना उंच आकृती आकाशाच्या पार्श्वभूमीवर उठून दिसते व थवा उडतो; म्हणून पाळीच्या माथ्यावरून न जाता तिच्या बाहेरच्या उतारावरून चालावे आणि झाडाच्या आडोशाने हळूच वर यावे. एकाच जागी बसून राहणे हे चालण्यापेक्षा कितीतरी अधिक फळ देते. साधारण वीस मिनिटांत पक्षी माणसाची दखल घेणे सोडून देतात, आणि खरे निरीक्षण त्यानंतरच सुरू होते. आठ ते दहा पटींची दुर्बीण पुरेशी आहे. ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्ष्यांना बोलावणे, थवा उडावा म्हणून टाळ्या वाजवणे किंवा ड्रोन सोडणे हे प्रकार सर्वस्वी टाळावेत; उडणाऱ्या थव्याचे छायाचित्र सुंदर येते हे खरे, पण त्या उड्डाणाची किंमत दिवसभर विश्रांती हवी असलेल्या पक्ष्यांना मोजावी लागते.

पहिला दिवस सारसासाठी ठेवावा. सारस हा या मुलखाचा मानबिंदू आहे. उडणाऱ्या पक्ष्यांमध्ये तो जगात सर्वांत उंच असून पूर्ण वाढलेला पक्षी माणसाच्या उंचीचा भरतो. महाराष्ट्रात तो आता प्रामुख्याने गोंदिया जिल्ह्यात आणि अगदी मोजक्या संख्येने उरला आहे. परसवाडा, झिलमिली यांसारखे तलाव आणि वैनगंगा, बाघ या नद्यांच्या आसपासची धानशेती हा त्याचा अधिवास आहे. पावसाळ्यात तो पाणथळीत किंवा थेट उभ्या धानात गवत-काड्यांचे मोठे घरटे करतो व बहुधा दोन अंडी घालतो. शेतकऱ्याने पिकाचे थोडे नुकसान सोसून घरटे राखले तरच पिले मोठी होतात. त्यामुळे घरट्याची नेमकी जागा कळली असली तरी ती समाजमाध्यमांवर टाकू नये आणि पावसाळ्यात केवळ छायाचित्रासाठी धुऱ्यांवरून शेतात शिरू नये. हिवाळ्यात सकाळी सारसांच्या जोड्या आणि कुटुंबे कापणी झालेल्या बांध्यांत चरताना दिसतात, तेव्हा रस्त्यावर वाहनातूनच, निदान दीडशे-दोनशे मीटरवरून पाहावे. पक्ष्यांनी मान उंचावून आपल्याकडे रोखून पाहिले की आपण फार जवळ आलो असे समजावे आणि मागे सरावे. नर-मादीचा एकत्रित तुतारीसारखा आवाज फार दूरवर जातो. त्या दिशेने पळत सुटण्याऐवजी तो पुन्हा येण्याची वाट पाहिली तर जागा अधिक नेमकी कळते. विजेच्या तारांचा धक्का, कीटकनाशके आणि पाणथळ जागांचा ऱ्हास ही त्याच्या घटीची प्रमुख कारणे आहेत.

दुसरा दिवस नवेगावबांधसाठी ठेवावा. अर्जुनी मोरगाव तालुक्यातील हा विस्तीर्ण तलाव डोंगरांच्या कुशीत आहे. कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला असे मानले जाते. भोवतालच्या जंगलाला १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, आणि डिसेंबर २०१३ मध्ये नवेगाव, नागझिरा, नवीन नागझिरा व कोका ही वने एकत्र करून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प घोषित झाला. येथे सकाळी पाळीवर बसावे, दुपारी जंगल सफारी घ्यावी आणि संध्याकाळी पुन्हा पाण्याकडे यावे, असा क्रम मला सर्वांत समाधानकारक वाटतो. उलट क्रमाने गेल्यास सकाळचा प्रकाश जिप्सीत बसून वाया जातो.

नागझिरा पाहण्यासाठी तिसरा दिवस राखावा. पिटेझरी आणि चोरखमारा ही त्याची परिचित प्रवेशद्वारे आहेत. सफारीची नोंदणी वनविभागाच्या संकेतस्थळावर आगाऊ करावी, साप्ताहिक सुट्टीचा दिवस तेथेच तपासावा आणि मूळ ओळखपत्र जवळ बाळगावे. वाघ दिसेलच अशी आशा धरून जाणाऱ्यांची येथे अनेकदा निराशा होते. त्यांनी जंगलाच्या मध्यावरील तळ्याजवळ वाहन थांबवण्याची विनंती मार्गदर्शकाला करावी. सांबर, चितळ, गवे, रानकुत्रे आणि पाण्यावर झेपावणारे शिकारी पक्षी यांपैकी काहीतरी तेथे बहुधा हाती लागते.

पाण्यात उतरण्याच्या बाबतीत मात्र सावध राहावे. तलावांचा तळ गाळाचा असतो आणि कमळाच्या देठांचे व पाणवनस्पतींचे जाळे पायात अडकते, त्यामुळे पट्टीच्या पोहणाऱ्यालाही येथे धोका आहे. नौकाविहार जेथे अधिकृतपणे चालतो तेथेच आणि जीवरक्षक जाकीट घालूनच करावा. ढीवर, म्हणजे मासेमारी करणाऱ्या, बांधवांच्या डोंगीत (लहान नावेत) हौसेने बसू नये, कारण ती एक-दोन माणसे आणि जाळे यांच्याच वजनाला साजेशी असते. गळ टाकून मासे धरण्याची हौस असेल तर तलाव बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे मासेमारीसाठी दिलेला असतो हे लक्षात घेऊन आधी संस्थेची परवानगी घ्यावी. सकाळी जाळी ओढून परतणाऱ्या ढिवरांशी बोलायला मिळाले तर ते अवश्य बोलावे. कोणत्या बाजूला किती पाणी आहे आणि बदके काल कोठे होती याची इतकी ताजी माहिती दुसरीकडे मिळत नाही. छायाचित्र मात्र विचारूनच काढावे.

वेळ उरल्यास नवेगावबांधच्या दक्षिणेला गाढवी नदीवरील इटियाडोह धरण पाहता येते. तेथून जवळच गोठणगाव परिसरात तिबेटी निर्वासितांची वसाहत आणि बौद्ध विहार आहे. हिवाळ्यात पूर्व विदर्भाच्या तलावांवर कधीकधी उतरणारे पट्टकदंब हे हंसवर्गीय पक्षीही तिबेटच्याच पठारावर वीण करणारे, हा योगायोग मला तेथे गेल्यावर हटकून आठवतो. वैनगंगेकाठचे पवनी हे जुन्या तटबंदीचे आणि प्राचीन स्तूपांच्या अवशेषांचे गाव इतिहासप्रेमींना आवडेल, पण त्यासाठी वेगळा दिवस हवा.

सामानात मातकट रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे, पहाटेच्या गारठ्यासाठी स्वेटर, घोट्यापर्यंतचे बूट, विजेरी, डास प्रतिबंधक मलम आणि पिण्याचे पुरेसे पाणी एवढे असावे. पाळीवरील गवतात साप असतात, तेव्हा पाऊल टाकण्याआधी पाहावे आणि अंधारात विजेरीशिवाय चालू नये. जंगलपट्ट्यात भ्रमणध्वनीचे जाळे अनेक ठिकाणी मिळत नाही. नकाशे आधीच उतरवून घ्यावेत आणि मुक्कामाच्या ठिकाणी परतीची वेळ सांगून निघावे.

शेवटच्या संध्याकाळी सूर्यास्तानंतर लगेच उठण्याची घाई करू नये. दिवसभर पाण्यावर झोपल्यासारखी असणारी बदके याच वेळी हलू लागतात. शिट्टीसारखा आवाज करीत अडई या बदकांचे थवे डोक्यावरून बांध्यांकडे चरायला निघतात. हा प्रकार अंधुक प्रकाशात जेमतेम पंधरा-वीस मिनिटे चालतो. त्यासाठी वनक्षेत्राबाहेरचा, गावालगतचा तलाव निवडावा, कारण वनहद्दीतून ठरलेल्या वेळेआधी बाहेर पडावे लागते.