डी अँड डीच्या आवृत्त्यांची तुलना करताय? या चुका टाळा

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' (डी अँड डी) या फाशांवर चालणाऱ्या भूमिका-खेळाच्या दोन आवृत्त्या शेजारी ठेवल्या की नजर आधी आकड्यांवर जाते, आणि तिथेच गडबड सुरू होते. फायरबॉल हा आगीच्या गोळ्याचा स्पेल (मंत्र) घ्या. २००३ च्या ३.५ आवृत्तीत पाचव्या लेव्हलचा विझर्ड (जादूगार) ५डी६ (सहा बाजूंचे पाच फासे) टाकतो, म्हणजे सरासरी साडेसतरा डॅमेज. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत त्याच लेव्हलला ८डी६, सरासरी २८. म्हणजे नवा फायरबॉल जास्त घातक? आता समोर ओगर हा राक्षस उभा करा. ३.५ चा साधा ओगर २९ हिट पॉइंटचा (जीवशक्तीचा आकडा), २०१४ चा ५९ चा. सेव्ह (बचावासाठी टाकलेला फासा) चुकली तर पहिल्याचे साठ टक्के हिट पॉइंट जातात, दुसऱ्याचे निम्म्याहूनही कमी. आकडा मोठा झाला, पण घाव हलका झाला!

शिवाय ३.५ मध्ये त्याच स्लॉटचा (स्पेल टाकण्याची मर्यादित संधी) फायरबॉल लेव्हलबरोबर १०डी६ पर्यंत वाढत जातो. पाचव्या आवृत्तीत तो वाढवायला वरचा स्लॉट खर्चावा लागतो. म्हणून स्पेलची तुलना कधीही एकट्या स्पेलची करू नका. तो कोणावर पडणार आणि कोणत्या लेव्हलला, हे धरूनच करा.

दुसरी चूक याच्या उलट: फक्त मांडणी बदललेली असते आणि लोकांना तो खोल फरक वाटतो. थॅको म्हणजे शून्य आर्मर क्लासच्या (बचावाचा आकडा) शत्रूला घाव लागायला वीस बाजूंच्या फाशावर हवा असलेला आकडा; त्याचं उदाहरण घ्या. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत आर्मर क्लास जितका कमी तितका चांगला. थॅको १८ असेल आणि समोर आर्मर क्लास ३, तर फाशावर १५ हवेत. आता दोन्ही आकडे २० मधून वजा करा: हल्ल्याला +२, आर्मर क्लास १७. पुन्हा १५ च हवेत. गणित तेच आहे.

खरा फरक वाढीच्या वेगात आहे, आणि त्याकडे दुर्लक्ष होतं. ३.५ चा फायटर विसाव्या लेव्हलपर्यंत हल्ल्याला +१ वरून +२० वर जातो. पाचव्या आवृत्तीत प्रोफिशियन्सी (सरावामुळे मिळणारी भर) +२ वरून +६ पर्यंतच चढते. त्यामुळे जुन्या मोहिमेतली +३ तलवार (हल्ल्याला ३ ची भर घालणारी) उचलून नव्या खेळात दिली, तर त्या खेळाडूला जवळजवळ सगळ्या लेव्हलची वाढ एकदम हातात मिळते.

सध्या सगळ्यात जास्त वाद २०१४ आणि २०२४ च्या पुस्तकांवरून होतात, कारण नावं तीच राहिली आणि अर्थ बदलले. जुन्या साहसात 'थकव्याची एक पातळी' लिहिली असेल, तर २०१४ नुसार फक्त ॲबिलिटी चेकला (अंगभूत गुणांच्या चाचणीला) डिसॲडव्हान्टेज (दोनदा फासा टाकून कमी आकडा घ्यायचा). २०२४ नुसार हल्ला आणि सेव्हसकट प्रत्येक डी२० वर −२, आणि वेग ५ फूट कमी. सरप्राइज झालेला (बेसावध गाठलेला) पूर्वी पहिली पाळी गमावायचा. आता इनिशिएटिव्हला (पाळ्यांचा क्रम ठरवणाऱ्या फाशाला) डिसॲडव्हान्टेज घेतो. पॅलाडिनचा (धर्मयोद्ध्याचा) डिव्हाइन स्माइट, म्हणजे घावात जादा डॅमेज भरणारा वार, आता बोनस ॲक्शन (पाळीत एकदाच मिळणारी छोटी कृती) लागणारा स्पेल आहे, त्यामुळे एका पाळीत दोनदा जमत नाही.

कॅरेक्टरचे स्कोअर जुळत नसतील तर आधी एकच गोष्ट तपासा. २०१४ मध्ये ॲबिलिटी वाढ रेसमधून (वंशातून) मिळते, २०२४ मध्ये बॅकग्राउंडमधून (पूर्वायुष्यातून). जुनी रेस आणि नवं बॅकग्राउंड घेतलं की वाढ दोनदा मोजली जाते. उलट केलं तर एकदाही नाही. नवे नियम धरून खेळत असाल तर जुन्या रेसची वाढ सोडून द्या. तीच गोष्ट दोन्ही पुस्तकांत असेल तर नवीन रूप वापरा.

आणखी एक: पुस्तक न उघडता आठवणीवर विसंबणं. पोशन (जादूई काढा) पिताना शत्रूला फुकटचा हल्ला मिळतो, हा ३.५ चा नियम. पाचव्या आवृत्तीत शत्रूच्या टप्प्याबाहेर पाऊल टाकलं तरच तो मिळतो. स्किल चेकला (कौशल्याच्या चाचणीला) नैसर्गिक २०, म्हणजे फाशावर थेट २० आले की आपोआप यश, हे तर यांपैकी एकाही पुस्तकात नाही. ती टेबलाटेबलाची प्रथा आहे. प्रथा पाळायला हरकत नाही, फक्त ती आवृत्तीच्या नावावर खपवू नका.

पडताळायला पैसे लागत नाहीत. एसआरडी (नियमांचा संदर्भ-दस्तऐवज) ५.१ मध्ये २०१४ चे मूळ नियम आहेत आणि ५.२ मध्ये २०२४ चे. दोन्ही क्रिएटिव्ह कॉमन्सखाली मोफत मिळतात. डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) मोहीम सुरू होण्याआधीच प्रत्येक कॅरेक्टर शीटच्या वर पुस्तकाचं साल लिहून घ्यावं. स्पेल वेगळ्या पुस्तकातला असेल तर त्याच्यापुढेही.