ॲनो १८००: बेट वसवताना या चुका टाळा

ॲनो १८०० हा बेटांवर शहर वसवण्याचा कॉम्प्युटर गेम. त्यात फार्मरचं (सगळ्यात खालच्या वर्गाचं) घर वर्करच्या, म्हणजे वरच्या वर्गाच्या, घरात बदलणारं अपग्रेडचं बटण दिसलं की नव्या खेळाडूचे हात शिवशिवतात. फार्मरच्या भरलेल्या घरात १० माणसं, वर्करच्या घरात २०, वर कर जास्त. मग थांबायचं कशाला? थांबायचं अशासाठी की वर्कर झालेला माणूस शेतावर जात नाही. आणि वर्करला लागणारा ब्रेड, सॉसेज, साबण, बिअर घ्या. गहू, डुकरं, हॉप्स (बिअरसाठी लागणारं पीक) पिकवायला-पाळायला शेवटी फार्मरच लागतात.

माझ्या भाच्याने मार्केटभोवतीची जवळपास सगळी घरं एका दमात अपग्रेड केली. फार्मरचा आकडा लाल झाला. मनुष्यबळ कमी पडलं की या गेममध्ये एखादाच कारखाना बंद पडत नाही, त्या वर्गाच्या जिवावर चालणारं सगळंच मंदावतं. लाकूडतोडे, सॉ मिल, मासेमारी, मेंढ्या, सगळं रखडलं. नव्या घरांना फळ्या हव्यात, फळ्यांसाठी फार्मर हवेत आणि फार्मरना घरं. "मामा, गेम हँग झालाय," म्हणे! श्नॅप्सची, म्हणजे बटाट्याच्या दारूची, एक भट्टी ५० फार्मर अडवून बसते. ती थोडा वेळ बंद करायला लावली. लोक कुरकुरले, पण सॉ मिलला माणसं मिळाली, फळ्या आल्या आणि फार्मरच्या घरांची नवी रांग उभी राहिली. ती रांग आजही फार्मरचीच आहे.

शंभरेक फार्मर शिल्लक दिसल्याशिवाय मी अपग्रेडला हात लावत नाही, आणि लावला तरी तीन-चार घरंच. फार सावकाश वाटतं? वाटू दे.

दुसरा आवडता उद्योग म्हणजे श्नॅप्स कमी पडली की आणखी एक भट्टी ठोकणं. अरे, आधी आहे त्या भट्टीवर क्लिक करून बघा! बटाटेच नसतील तर दुसरी भट्टीही उपाशीच बसणार. बटाट्याचं शेत आणि भट्टी, दोन्हींना ३० सेकंद लागतात, म्हणजे एकास एक. ब्रेडचं गणित वेगळं: दोन गव्हाची शेतं, एक गिरणी, दोन बेकऱ्या. जोडी छान दिसते म्हणून दुसरी गिरणी बांधणारे महाभाग आहेत. आणि माल तयार होऊन कारखान्यातच साचला असेल तर दोष उत्पादनाचा नाही, गोदाम लांब आहे किंवा त्याच्या गाड्या कमी पडतायत.

सपाट जमीन घरांनी भरून टाकू नका. गव्हाच्या एका फार्मला १४४ चौकोन शेत लागतं, तेवढ्यात सोळा घरं बसतात. शेतं वाकड्यातिकड्या किनाऱ्याला घाला, तिथे घरं नीट बसतही नाहीत.

नेटवरचे तयार आराखडे सपाट, चौकोनी बेटासाठी असतात. तुमच्या बेटाला डोंगर आणि खाडी आहे. ब्लूप्रिंट मोडमध्ये (प्रत्यक्ष न बांधता नुसता आराखडा) मांडणी करून पाहायला छदामही लागत नाही.

मातीचे रस्ते पक्के करा, मार्केट आणि पबची पोच वाढते.

आग लागल्यावर फायर स्टेशन बांधायला धावू नका, आधीच बांधा.

बेट घेण्याआधी सुपीकता, म्हणजे तिथे कोणती पिकं येतात, ते बघा. हॉप्स नसतील तर बिअरसाठी दुसरं बेट घ्यावं लागणार, आणि शेजारचे प्रतिस्पर्धी तुमच्यासाठी थांबत नाहीत. हॉप्सवालं बेट दिसलं की मी आधी तिथे ट्रेडिंग पोस्ट (बेटावर ताबा सांगणारी बंदरावरची इमारत) टाकून ठेवतो, शेती मागाहून.